ल्योनला नाना जेवतील का?

फ्रान्सहून परत आल्यापासून पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत मला एकच प्रश्न विचारला जातो: पॅरिसचा तो मनोरा पाहिलात का? नाही पाहिला. पॅरिसला आम्ही फक्त विमान बदललं. हे सांगितलं की शाळेतल्या बायका एकमेकींकडे बघतात, आणि मी उगाच भाव खाते असं त्यांना वाटतं. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढते. मनोरा हवा असेल त्यांनी कॅलेंडरावर बघावा. मी त्या देशात मुख्यतः एक जेवणाचं टेबल पाहिलं, आणि त्या टेबलाशी बसून माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

जळगाव

आधी माणसं सांगते. प्रशांत माझा एकुलता एक मुलगा. तो चौथीत असताना त्याचे वडील गेले. मी इथे शाळेत शिकवत राहिले, पण त्याला वाढवलं ते माझ्या थोरल्या दिरांनी, नानांनी. नानांची यावलजवळ केळी आहे. गावात त्यांचा शब्द शेवटचा असतो, आणि तो शब्द ते फार क्वचित खर्च करतात. प्रशांतला शिकायला परदेशी पाठवायचं ठरलं तेव्हा सगळी भावकी दोन तास बोलत होती. शेवटी नाना म्हणाले, "जाऊ द्या त्याले," आणि विषय मिटला.

प्रशांत ल्योन शहरात बियाण्यांवर संशोधन करायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. एका रविवारी त्याचा फोन आला. एसटीडीच्या काचेच्या खोक्यात मी घामानं निथळत उभी, आणि तो तिकडून सांगतोय की एक मुलगी आहे, तिचं नाव क्लेअर. पुढे म्हणाला, "आई, नानांनी येऊन तिच्या घरच्यांना भेटावं. ते नाही म्हणाले तर मी हे लग्न करणार नाही. क्लेअरलाही मी हे सांगितलंय."

मला मुलाचा अभिमान वाटला आणि रागही आला. नाना नाही म्हणाले, तर हा त्यांच्या शब्दाला जागेल आणि मग आयुष्यभर तिकडेच एकटा कुढत बसेल. मी त्याला ओळखते. बापासारखाच आहे, एकदा गप्प झाला की बोलता होत नाही.

नानांना सांगितलं तेव्हा ते बांधावर उभे होते. केळीच्या घडावरची वाळकी पानं त्यांनी बाजूला सारली. मग म्हणाले, "पाहून येऊ. जेवून येऊ, नही तं पानी पिऊन येऊ."

हे इतरांना कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्या घरात सोयरीक पाहायला गेलं की तोंडानं नकार द्यायचा नाही, अशी रीत आहे. मुलीच्या बापाचं तोंड उतरवायचं कशाला? स्थळ मनात भरलं तर त्या घरी जेवायचं. नाही भरलं तर पाणी प्यायचं आणि उठायचं. अन्नाला हात लावायचा नाही. "पाणी पिऊन उठले" एवढं म्हटलं की गावाला सगळं कळतं.

माझं माहेर धुळ्याचं. मला पाहायला नाना आले होते तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. माझे वडील स्वतः वाढत होते. आमच्यात मुलीच्या बापानं स्वतःच्या हातानं वाढायचं, आग्रह करायचा. नानांनी खापरावरची पुरणपोळी खाल्ली, मग ताटावर हात आडवा धरला. वडिलांनी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा हात धरला. तिसऱ्या वेळी वडिलांनी तो हात अलगद बाजूला केला आणि पोळी वाढली. दाराआड माझी आई डोळे पुसायला लागली, आणि मला कळलं की माझं लग्न ठरलं.

आणखी एक. इतकी वर्षं झाली, नानांनी मला लेकीसारखं सांभाळलं, पण मी त्यांच्यासमोर बसून कधी जेवले नाही. थोरल्या दिराच्या पंगतीला भावजयीनं बसायचं नसतं. शाळेत मी पोरांना समतेवर निबंध लिहायला लावते आणि यावलला गेले की पदर सावरून आत जाऊन बसते. तुम्हाला हसायचं असेल तर हसा.

निघताना नानांनी एक कापडी पिशवी घेतली. तिच्यात नवा टॉवेल, नवी पांढरी टोपी आणि नारळ. व्याह्याचा मान. सोयरीक ठरली की टॉवेल-टोपी देऊन व्याह्याला उराशी धरायचं. पिशवीचं तोंड त्यांनी सुतळीनं घट्ट बांधलं. मला म्हणाले, "लागली तं सोडू. नही तं तशीच वापस आनू."

विमानात आणि नंतर

विमानात हवाईसुंदरी ताट घेऊन आली. नाना म्हणाले, "नको." आता आपल्याकडे पहिल्याच विचारण्याला कोणी हो म्हणतं का? हावरट दिसतं ते. ती "ओके" म्हणून हसली आणि ताट घेऊन गेली. नाना तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. ती परत येईल असं त्यांना वाटत होतं. ती आली, पण कॉफी घेऊन. त्यालाही ते नको म्हणाले, आणि तीही गेली. अर्ध्या वाटेत मी माझ्या पिशवीतल्या दशम्या काढून त्यांच्या हातात दिल्या.

प्रशांतच्या घरी पहिल्या संध्याकाळी तेच झालं. क्लेअर उंच, सडपातळ, नाकावर तांबूस ठिपके असलेली मुलगी. तिनं आमच्यासाठी भात आणि मसुराचं पातळसर वरण केलं होतं. नाना शाकाहारी, अंडंही चालत नाही, हे तिनं पाठ केलं होतं. नानांनी चार घास खाल्ले. त्या घरी ते जेवले ते प्रशांतचं घर म्हणून, ती खूण धरायची नव्हती. क्लेअरनं भाताचं भांडं पुढे केलं. नाना म्हणाले, "नको." तिनं भांडं उचललं आणि थेट आत नेऊन ठेवलं. नानांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की मला हसूही येईना आणि रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं नदीकाठच्या भाजीबाजारात गेलो, तिथे मी तिला गाठलं. माझं इंग्रजी शाळेतलं, तिचंही तसंच, त्यामुळे आमचं छान जमलं. मी म्हटलं, "आमचा पहिला नको हा नको नसतो. दुसराही नसतो. तीनदा विचारायचं."

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "आणि तिसऱ्यांदाही नको म्हणाले तर?"

"तिसऱ्यांदा विचारायचंच नाही. हात बाजूला करून वाढायचं. खरंच नको असेल तर माणूस पानावरून उठतो."

"म्हणजे मी त्यांचा नकार ऐकायचाच नाही?" तिला हे फार असभ्य वाटलं असावं.

त्याच बाजारात नानांनी एक वांगं उचललं. काळंभोर, चकचकीत. दाबून पाहिलं, नाकाशी नेलं आणि परत ठेवलं. "हे भरताचं वांगं नही. पानी हाये नुसतं." हिवाळ्यात नाना शेतात भरीत पार्टी करतात तेव्हा आचारी बोलावत नाहीत. हिरवी, पांढरट पट्ट्यांची मोठाली वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर स्वतः भाजतात. धुरानं डोळे लाल, हाताला चटके, पण पाहुण्यासाठी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. हे मी क्लेअरला सांगितलं. ती थांबली आणि प्रशांतकडे बघून फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली. प्रशांत एकदम दुसरीकडे बघायला लागला. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

नदीकाठचं हॉटेल

सोमवारी दुपारी क्लेअरच्या आईवडिलांकडे जेवण होतं. प्रशांतनं गाडीत सांगितलं, "तिच्या वडिलांचं हॉटेल आहे, नाना. फार नावाजलेलं. लोक महिना महिना आधी जागा धरून ठेवतात."

नाना म्हणाले, "चांगलं हाये."

नदीला लागून दगडी दुमजली घर, भिंतीवर जांभळ्या फुलांचा वेल, दारात रंगवलेली बाकं. चित्रासारखं. पण दारात मुलीचा बाप नव्हता. नाना गाडीतून उतरले आणि त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आमच्याकडे मुलाकडची मंडळी येणार म्हटलं की मुलीचा बाप वेशीपर्यंत सामोरा येतो. इथे दारात क्लेअरची आई, मोनिक, उभी होती. तिनं हात जोडून नमस्कार केला. शिकवलेला नमस्कार होता, पण मनापासून केला. नानांनी मान डोलावली. त्यांची नजर तिच्या खांद्यावरून आत काहीतरी शोधत होती.

आत पाऊल टाकताच पहिला गोंधळ झाला. काळ्या कोटातला एक म्हातारा वाढपी पुढे आला. त्यानं माझी शाल घेतली, प्रशांतचा कोट घेतला, आणि मग अत्यंत अदबीनं नानांच्या टोपीकडे हात केला.

नानांनी दोन्ही हातांनी टोपी धरली.

"मास्तरीणबाई," ते मला म्हणाले, अगदी हळू, "या मानसाले माही टोपी कशाले पाह्यजे?"

"इथली रीत आहे, नाना. घरात आलं की टोपी काढतात."

"सोयऱ्याच्या दारात टोपी उतरवायची?"

मी वाढप्याला खूण केली, तो मागे सरला. पण व्हायचं ते झालं होतं. मंगलकार्यात आमच्याकडे उघड्या डोक्यानं कोणी बसत नाही. टोपीला हात घालणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको.

आतला दिवाणखाना मोठा होता. पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या चादरी घातलेली कितीतरी टेबलं, प्रत्येकावर फुलं, आणि एकाही टेबलाशी माणूस नाही. आम्ही पाच जण खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो. प्रत्येकासमोर काचेचे तीन तीन पेले आणि काट्याचमच्यांची अशी रांग, की एखाद्या डॉक्टरानं शस्त्रक्रियेची तयारी करून ठेवावी. मोनिकनं मला नानांच्या शेजारी बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी थोरल्या दिराच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसले होते. मी खुर्ची जेवढी सरकवता येईल तेवढी सरकवली.

नानांनी रिकाम्या टेबलांवरून नजर फिरवली. "एवढं मोठं हॉटेल, न् चिटपाखरू नही," ते पुटपुटले. "ना भाऊ, ना बंद. याले भावकीनं वाळीत टाकेल दिसतं."

मग त्यांनी सरळ विचारलं, "पोरीचा बाप कुठी हाये?"

प्रशांत म्हणाला, "येतीलच, नाना. जरा कामात आहेत."

"व्याह्यापेक्षा काम मोठं?"

प्रशांतनं पाण्याचा पेला उचलला आणि नुसताच धरून ठेवला. क्लेअरला मराठी कळत नव्हतं, पण ती कधी नानांकडे, कधी त्याच्याकडे बघत होती.

पहिलं ताट आलं. ताट परातीएवढं आणि त्यात मधोमध रुपयाएवढी कुरकुरीत चकती, तिच्यावर काहीतरी हिरवं. म्हाताऱ्या वाढप्यानं वाकून दोन वाक्यं म्हटली, मंत्र म्हटल्यासारखी. मोनिक आमच्याकडे बघून हसली. तिनं चकती खाल्ली, प्रशांतनं खाल्ली. मी थांबले. नाना थांबले होते. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि पाणी प्यायले.

पाणी.

ताटं गेली. नंतर कोवळ्या मटारचं गार सार आलं. रंग असा की डोळे निवावेत. नानांनी हात मांडीवर ठेवले होते. सार गेलं. मग पांढऱ्या, बोटाएवढ्या जाड देठांची कसलीशी भाजी आली, वर वितळलेलं लोणी. वाढपी नानांच्या मागे उभा राहून वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य होतं, मग काळजी, आणि आता भीती दिसत होती. भरलेलं ताट उचलून तो आत गेला. स्वयंपाकघराच्या दाराला एक गोल काच होती. त्या काचेआड एक उंच पांढरी टोपी आली, क्षणभर थांबली आणि गेली.

"आतल्या मानसाले टोपी चालते," नाना म्हणाले.

मोनिकचं हसू आता ओठांवरच उरलं होतं. तिनं क्लेअरला काहीतरी विचारलं, क्लेअरनं प्रशांतला, आणि प्रशांत म्हणाला, "नाना, तुम्हाला बरं नाही का? त्या विचारताहेत."

"मी बरा हाये," नाना म्हणाले. "आपुन कोन हाये इथं, तेवढं मले समजू दे. सोयरे हाये का गिऱ्हाईक? नोकराच्या हातानं वाढून घ्यायले मी समुद्र ओलांडून नही आलो."

प्रशांतनं त्याचं भाषांतर केलं नाही. त्याचा चेहरा असा पडला होता, जसा चौथीत बापाला नेताना पडला होता. मला तो चेहरा सहन होईना. मी म्हटलं, "चल, मला नदी दाखव," आणि त्याला उठवून पलीकडच्या खिडकीशी नेलं. राग आला की माझी शाळेतली भाषा जाते आणि धुळ्याची येते, तिच्यात सगळ्याला बठ्ठं म्हणतात.

"काय लपाडी ऱ्हायना रे तू?" मी विचारलं. "बठ्ठं खरं सांगी टाक."

तो खिडकीच्या चौकटीला धरून उभा होता. "आई, तिचे वडील आत आहेत. स्वयंपाक करताहेत."

"म्हणजे?"

"हॉटेल त्यांचंच आहे, पण रांधतातही तेच. मी नानांना सांगितलं नाही. गावात काय म्हणतील? आचाऱ्याची पोर केली. मला वाटलं, जेवण झाल्यावर ते बाहेर येतील, चांगले कपडे घालून, आणि निभून जाईल."

"आणि इथे दुसरं कोणीच का नाही?"

"आज यांचा सुट्टीचा वार असतो. बंद असतं हॉटेल. फक्त आपल्यासाठी उघडलंय."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पंचविशी उलटलेला, दोन देशांत शिकलेला मुलगा! ज्या माणसानं त्याला खांद्यावर बसवून मळा दाखवला, त्याच्या मनाची त्यानं ही किंमत केली होती? पण नाना काय म्हणतील याची खात्री मला तरी कुठे होती? आमच्याकडे घराणं बघतात, शेती बघतात, आणि आचारी म्हटलं की नाक मुरडणारे तर मी माझ्याच सासरी पाहिलेत. सांगावं तर नाना आत्ताच उठतील. न सांगावं तरी उठतीलच. पाणी तर पिऊन झालं होतं.

मी टेबलाशी परत आले. बसले नाही. पदर डोक्यावर घेतला आणि नानांशी कधी बोलले नव्हते तशा चढ्या आवाजात म्हणाले, "नाना, मुलीचे वडील आत आहेत. चुलीशी. हे सगळं ते स्वतः रांधताहेत. आज यांचं हॉटेल बंद असतं, आपल्यासाठी उघडलंय. प्रशांत हे तुम्हाला सांगायला भ्यायला."

प्रशांतनं डोळे मिटले.

"आचारी हाये?" नानांनी विचारलं.

"हो."

नाना उठले. मांडीवरचं फडकं खाली पडलं, खुर्ची करकरली. मोनिकही उठली, तिचा हात गळ्याशी गेला. क्लेअर जागच्या जागी बसून होती, पांढरीफटक. तिला आमची रीत माहीत नव्हती, पण पाहुणा अर्ध्या जेवणातून उठला याचा अर्थ कुठल्या देशात वेगळा असतो? म्हातारा वाढपी घाईघाईनं आमच्या शाली-कोटांकडे वळला. मी टेबलाखालच्या पिशवीकडे पाहिलं. सुतळी जशीच्या तशी होती. संपलं, मी मनात म्हटलं.

नानांनी टोपी नीट केली.

"चूल कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

गोल काचेच्या दाराआड

कोणी वाट दाखवायच्या आत नाना त्या दारातून आत गेले होते. आम्ही मागोमाग धावलो.

आत एक लांबलचक लोखंडी ओटा होता. त्याच्यावर नानांची परत गेलेली ताटं ओळीनं मांडून ठेवली होती. चकती, सार, ती पांढरी भाजी. आणि त्यांच्यासमोर एक ठेंगणा, लालबुंद चेहऱ्याचा माणूस हातात चमचा घेऊन उभा होता. तो एकेका ताटातलं थोडं थोडं चाखत होता, डोळे मिटून. मनगटावर भाजल्याचा ताजा वळ होता.

"हा काय करून राह्यला?" नानांनी विचारलं.

मी क्लेअरला विचारलं, तिनं बापाला. उत्तर सांगताना तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "ते म्हणतात, पाहुण्यांना यातलं काय आवडलं नाही ते शोधतोय."

कोपऱ्यात नव्या कोऱ्या भांड्यांचा ढीग होता. काहींच्या बुडांवर दुकानाचे कागद अजून चिकटलेले. मी बोट दाखवलं तेव्हा क्लेअर म्हणाली, "जुन्या भांड्यांत इतकी वर्षं मांस शिजलंय. तुमच्या घरच्या मोठ्या माणसासाठी ती चालणार नाहीत, असं पपांना वाटलं. म्हणून ही आणली. सकाळपासून त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही."

मी हे नानांना सांगितलं. ते त्या भांड्यांजवळ गेले. एक पातेलं उचलून पाहिलं, बुडावरच्या कागदावरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवलं. तेवढ्यात त्या माणसाला, एतिएन त्याचं नाव, समोर कोण उभं आहे ते उमगलं. त्यानं चटकन आपली उंच टोपी काढली आणि ती छातीशी धरून मान झुकवली. टक्कल घामानं चमकत होतं. तो काहीतरी बोलत होता, एकच शब्द पुन्हा पुन्हा. माफी मागत होता हे कळायला भाषांतर लागलं नाही.

नाना प्रशांतकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही, पण मी त्यांना इतकं रागावलेलं फार कमी वेळा पाहिलंय.

"चुल्ह्याशी उभा राहून, हाताले चटके घेऊन सोयऱ्याले खाऊ घालनारा मानूस, आन् त्याले तू लपवतं? मंग मी काय करतो रे हिवाळ्यात? वांगे भाजतो तंव्हा मी कोन ऱ्हातो? उद्या या लोकायले माह्याबद्दल काय सांगशीन? केयीवाला हाये, म्हनून मलेबी लपवशीन?"

प्रशांतला रडू कोसळलं. नानांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मोरीशी गेले, खळखळून हात धुतले, भाजीचा एक लाकडी खोका पालथा केला आणि त्याच्यावर मांडी घालून बसले.

"याले म्हना, वाढ," ते म्हणाले. "पन याच्या हातानं."

एतिएननं कढई तापवली. घाईत लोणी ओट्यावर सांडलं. ती पांढरी भाजी त्यानं नव्यानं केली आणि नानांच्या ताटात वाढली. नानांनी काट्याकडे ढुंकूनही न बघता देठ हातानं उचलला, लोण्यात बुडवला आणि खाल्ला. मी ओशाळून क्लेअरकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाही नाही, ही भाजी आमच्याकडेही हातानंच खातात." खरं होतं की माझी समजूत घालत होती, देव जाणे.

एतिएन समोर उकिडवा बसून नानांच्या जबड्याकडे बघत होता. परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा. नानांनी दुसरा देठ उचलला, मग तिसरा. "मीठ कमी हाये," ते म्हणाले. "पन शिजलं बरोबर." मी दोन्ही वाक्यं क्लेअरला सांगितली, तिनं बापाला. एतिएननं हात आकाशाकडे केले आणि मीठ आणायला धावला.

"बसा, मास्तरीणबाई," नाना मला म्हणाले. "इथं काय पंगत हाये? सकायपासून उपाशी हाये तुमी."

मी बसले. पण सवय सुटते का? नानांकडे पाठ करून, ओट्याकडे तोंड करून मी ते सार प्यायले. मोनिकला वाटलं मी रडतेय. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मग मी खरंच रडले.

पुढे बटाट्याचे दुधात भाजलेले थर आले, तेही नानांनी संपवले. मध्ये वाढप्यानं चीजचा गाडा ढकलत आणला. त्याचा वास असा की नानांनी नाक दाबून धरलं. गाडा आला तसा परत गेला.

शेवटी एतिएननं एक मातीचं भांडं आणलं. आत दुधात शिजवलेला तांदूळ, वर साय धरलेली. अंड्याशिवाय गोड काय करायचं यावर तो अख्खा आठवडा डोकं खाजवत होता, असं क्लेअर म्हणाली. एवढ्या नावाजलेल्या हॉटेलात जो पदार्थ तो कधीच करत नाही, तो त्यानं केला. त्याची आजी करायची.

"खीर हाये ही," नाना म्हणाले.

त्यांनी वाटीभर खाल्ली. आता एतिएननं पळी पुढे केली, तेव्हा नानांनी वाटीवर हात आडवा धरला. "बस झालं. नको."

एतिएननं पळी मागे घेतली. बिचाऱ्याचा काय दोष? त्याच्या देशात नको म्हणजे नकोच. नानांचा हात वाटीवर तसाच होता. मी काही बोलणार, तेवढ्यात क्लेअर पुढे आली. बापाच्या हातातली पळी तिनं घेतली आणि नानांसमोर गुडघ्यांवर बसली. एकदा विचारलं. नाना म्हणाले, "नको." पुन्हा विचारलं. नाना म्हणाले, "नको, पोरी." तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. तिच्या कपाळाला त्या बाजारातल्या आठ्या पडल्या होत्या. मग तिनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी नानांचा हात उचलला, बाजूला केला आणि पळीभर खीर वाटीत ओतली.

नाना उठले नाहीत.

त्यांनी ती खीर बोटानं निपटून खाल्ली. वाटी खाली ठेवली. समोर उभ्या असलेल्या एतिएनकडे पाहिलं. त्यानं मघाशी काढलेली टोपी परत घातलीच नव्हती.

"मास्तरीणबाई," नाना म्हणाले, "व्याही उघड्या डोक्यानं उभा हाये. पिशवी आना."

मी दिवाणखान्यात पळत गेले. रिकाम्या टेबलांमधून वाट काढत आमच्या टेबलाखालून पिशवी ओढली. नानांनी गाठ जळगावला फार घट्ट मारली होती, ती काही केल्या सुटेना. शेवटी त्या पांढऱ्याशुभ्र टेबलावरच्या रांगेतली एक सुरी उचलली आणि सुतळी कापली.